पोरांची वर्षे कोणाच्या खात्यावर?



मृगाच्या सुमारास आपल्या घरी दोन निकालांची वाट पाहिली जाते. एक पावसाचा, दुसरा विद्यापीठाचा. पावसाबद्दल आपण चावडीवर, पानठेल्यावर, बैठकीत तासन् तास बोलतो. कोणते बियाणे घ्यायचे, किती ओलीवर पेरायचे, उगवले नाही तर काय करायचे, याची उघड चर्चा होते आणि शेजाऱ्याचा सल्ला घ्यायला कोणी लाजत नाही. विद्यापीठाच्या निकालाचे तसे होत नाही. पोरगा बी.ए. झाला, पोरगी बी.एस्सी. झाली, पेढे वाटून झाले, की दुसऱ्या दिवसापासून बाप एकटाच विचार करीत बसतो. एम.ए.ला घालायचे? बी.एड. करू द्यायचे? नागपूरला नाहीतर पुण्याला 'तयारी'साठी पाठवायचे? पोलीस भरतीसाठी पहाटे धावू द्यायचे? की सांगायचे, पुरे झाले, उद्यापासून पऱ्हाटीत डवरा धर?

हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे, असे आपण धरून चालतो. मला ते मान्य नाही. गावातल्या वीस घरांत एकाच वेळी एकच कोडे पडले असेल तर ते घरचे कोडे राहत नाही. कापसाचा भाव पडला तर आपण नशिबाला दोष देत नाही, धोरणाला देतो. पोरगा पदवी घेऊन चार वर्षे बसला की मात्र लगेच म्हणतो, 'आमचंच पोट्टं कमी पडलं.'

जिल्हा लहान, दरवाजे मोजके

मी लिहितो तो भंडाऱ्याकडून. वाचणारे बहुतेक कापूस-ज्वारीचे कोरडवाहू कास्तकार. आमच्याकडे धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि वैनगंगा. तुम्हाला वाटत असेल, पाणीवाल्यांचे बरे असेल. पदवीधर पोराच्या बाबतीत मात्र पाणीवाला आणि बिनपाणीवाला एकाच रांगेत उभे आहेत.

भंडारा जिल्ह्यात कारखाने नाहीत असे नाही. जवाहरनगरचा आयुध कारखाना आहे, वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी आहेत. पण तिथे लागतो तो आयटीआयवाला, डिप्लोमावाला किंवा ठेकेदाराचा मजूर. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्याला त्या फाटकातून आत जायला वाट नाही. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याची पायाभरणी २०१३ मध्ये झाली. त्या वर्षी दहावीत असलेली पोरे 'आपल्याच तालुक्यात नोकरी' असे म्हणत कॉलेजात गेली. ती पदवी घेऊन बाहेर पडली तरी कारखाना उभा राहिला नव्हता.

गोसीखुर्दचे त्याहून जुने. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. ज्यांची गावे आणि जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरी प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र आले. सरकारी भरतीत त्या प्रमाणपत्राला समांतर आरक्षण आहे. पण भरतीच निघाली नाही तर आरक्षण कशात घ्यायचे? शेवटी २०१३ च्या पॅकेजात नोकरीऐवजी एकरकमी पैशाची तरतूद आली. आमच्या पवनी तालुक्यात आजोबाची जमीन गेली, बापाने प्रमाणपत्र सांभाळले आणि नातू स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभा आहे, अशी घरे शोधायला फार फिरावे लागत नाही.

जाहिरात २०१९ ची, परीक्षा नाहीच

आता रांगेकडे बघू. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांवर जागांची जाहिरात निघाली. पोरांनी अर्ज भरले, शुल्क भरले, पुस्तके घेतली, खोल्या घेतल्या. मग महापरीक्षा पोर्टल बंद झाले, मग करोना आला, मग परीक्षा कोणत्या कंपनीने घ्यायची याचा घोळ झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये शासनाने ती भरतीच रद्द करून टाकली. नवी जाहिरात आली ऑगस्ट २०२३ मध्ये, १९,४६० पदांची. म्हणजे २०१९ साली एकविसाव्या वर्षी अर्ज भरलेला पोरगा पंचविशीत पोचला, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्या पानापासून अर्ज भरायला सांगितले गेले.

लोकसेवा आयोगाचेही तेच. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१ वर आली आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली. पुण्यात पोरे रस्त्यावर उतरली तेव्हा ती २१ मार्चला झाली. त्याच वर्षी पुण्यात मुख्य परीक्षा पास झालेल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाने मुलाखतीची वाट पाहत जीव दिला. विधिमंडळात दोन दिवस गलका झाला, आश्वासने दिली गेली. आपल्याकडे कास्तकाराने जीव दिल्यावर जे होते, तेच.

आणि गर्दी किती? २०२३ च्या तलाठी भरतीत पदे होती ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. एका खुर्चीमागे दोनशेहून जास्त. शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. हिशेब तुम्हीच करा. एका तलाठी परीक्षेपायी बेकार पोरांच्या खिशातून नव्वद कोटींच्या घरात रक्कम गोळा झाली. जो कमावत नाही त्याच्याकडून शुल्क, आणि तेही बापाच्या खिशातून. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि सतरा लाखांवर अर्ज. त्यातल्या त्यात पोलिसाचे बरे, वयाची अट अठ्ठावीस-तेहतीसला संपते आणि पोरगा मोकळा होतो. राज्यसेवेत खुल्या वर्गाला अडतीस आणि मागासवर्गाला त्रेचाळीस वर्षांपर्यंत दार उघडे आहे. ही सवलत गरिबाच्या फायद्याची म्हणून दिली गेली आणि काहींना तिचा फायदा झालाही. पण दार इतकी वर्षे उघडे दिसत राहिले की दारासमोरून उठायचे कधी, हे कोणालाच कळत नाही.

बारा क्विंटलचे एक वर्ष

कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो, निदान कागदावर तरी. पोराच्या वर्षाचा खर्च कोणीच धरत नाही. तो धरून बघू.

नागपुरात खोली, खानावळ, अभ्यासिकेची फी, पुस्तके, येणे-जाणे मिळून महिन्याला आठ हजारांत भागते असे समजू. पुण्यात भागत नाही. वर्षाचे झाले ९६ हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे एका वर्षाच्या तयारीला जवळजवळ बारा क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर अडीच-तीन एकरांची सगळी वेचणी. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणाऱ्या बाईची मजुरी वजा न करता. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये हमीभावाने मोजले तर सव्वीस क्विंटल. आमच्या धानाच्या २,३६९ रुपयांनी चाळीस क्विंटल. आणि हे सगळे हमीभाव मिळाला असे गृहीत धरून! व्यापाऱ्याच्या दारात तो किती वेळा मिळाला हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

पाच एकरांच्या कास्तकाराने हा खर्च तीन वर्षे केला, तर त्याने पोराच्या टेबलावर छत्तीस क्विंटल कापूस ठेवला. त्यात पोराने त्या तीन वर्षांत घरी काय केले असते, बाहेर काय मिळवले असते, ते आलेले नाही. बाप हे बोलून दाखवत नाही आणि पोराला ते कळते, म्हणून तो दिवाळीलाही गावी यायचे टाळतो. दोघांमध्ये बोलणे थांबते. मला या सगळ्या हिशेबात सर्वांत महाग पडणारी बाब हीच वाटते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे. पोराला पाठवण्याआधी मुदत ठरवा, आणि ती त्याला बसवून, त्याच्याशी बोलून ठरवा. मुदत वर्षांत मोजा, परीक्षांत मोजू नका. 'दोन परीक्षा देऊन बघतो' असे म्हणणाऱ्याची दोन परीक्षांत पाच वर्षे गेलेली असू शकतात, कारण परीक्षा कधी घ्यायची हे त्याच्या हातात नाही. पाऊस लांबला तर आपण काय करतो? ठरावीक नक्षत्रापर्यंत कापसाची वाट पाहतो, त्यानंतर तूर नाहीतर ज्वारीकडे वळतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कोरडवाहूत सगळे वावर एकाच पिकाखाली घालणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. कापसात तुरीचे तास ठेवतोच. तयारी करणाऱ्या पोरानेही एखादे तास तुरीचे ठेवावे: टायपिंग, लेखापालाचे काम, वायरमनचे काम, दूध संकलन, जे जमेल ते.

पुढचे शिक्षण कशासाठी?

आता एम.ए., एम.एस्सी.कडे येतो. कितीतरी पोरे पदव्युत्तर वर्गात नाव घालतात ते वसतिगृहाची खाट टिकावी म्हणून, शिष्यवृत्ती चालू राहावी म्हणून, किंवा लग्नाच्या स्थळाला 'शिकतो आहे' असे सांगता यावे म्हणून. मी त्यांना नावे ठेवणार नाही. पाणी नसले तरी जमीन पडीक टाकायला जीव होत नाही, तसेच हे. पण आपण नाव कशासाठी घातले हे पोराने स्वतःशी तरी स्पष्ट ठेवावे.

मास्तर व्हायचे असेल तर वाट केवढी लांब आहे ते बघा. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. त्याआधी एम.ए. केले तर पदवीनंतर चार वर्षे. मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलची वाट. २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली आणि पुढची मोठी भरती व्हायला वर्षे गेली, हे डी.एड. करून बसलेली एक आख्खी पिढी सांगेल. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. २०२३ मध्ये मानधन वाढले, प्राथमिकला ६ हजारांचे १६ हजार झाले. म्हणजे त्याआधी पदविका घेतलेला मास्तर महिन्याला सहा हजारांवर शिकवीत होता.

कॉलेजात प्राध्यापक व्हायचे म्हणाल तर नेट किंवा सेट, आणि जमले तर पीएच.डी. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची, असा नियम २०१८ मध्ये झाला; तो २०२१ पासून लागू होणार होता, मग २०२३ वर ढकलला, आणि जुलै २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान पात्रता असे पुन्हा ठरले. मधली पाच वर्षे ज्यांनी नियमावर विश्वास ठेवून पीएच.डी.ला नाव घातले त्यांनी काय समजायचे? राज्यात २०१८ मध्ये ३,५८० प्राध्यापकपदे भरायला मंजुरी मिळाली. पहिल्या फेरीत १,४९२ भरली. उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी द्यावी लागली. दरम्यान वर्ग चालले कोणावर? तासिका तत्त्वावरच्या पोरांवर. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षाची हमी नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात, पीएच.डी. झालेल्याला तासावर.

आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची हा वेगळाच प्रश्न उभा केला आहे. चौथे वर्ष केले तर पुढे एम.ए. एका वर्षाचे. ज्याला पुढे शिकायचेच आहे त्याला यात तोटा नाही. ज्याला तीन वर्षांनी बाहेर पडायचे आहे त्याने चौथ्या वर्षाच्या आग्रहाला बळी पडू नये.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, हा माणूस शिक्षणाच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. शिक्षकांनी बोलावून सांगितले की पोरीला रसायनशास्त्रात गती आहे, तिलाही ते आवडते, तर पाठवा. आवड हे कारण पुरेसे आहे; कास्तकाराच्या पोरीने केवळ नोकरीसाठीच शिकावे असा नियम कोणी केलेला नाही. फक्त पैसा उधारीचा नको, हक्काचा शोधा. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरला महाज्योती आहे, पुण्याला बार्टी आणि सारथी आहेत. वसतिगृहात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. मॅनेजर सातबारा मागत असेल तर लेखी मागा म्हणावे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात पडताळणी हे कागद निकालाआधीच काढून ठेवा, नाहीतर पोरगी गुणवत्ता यादीत आणि बाप तहसीलच्या रांगेत, असे होते.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. संस्थेत 'लावून देतो' म्हणणाऱ्याला वावर विकून पैसे देऊ नका. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागातला बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला, आणि पहिल्या अटका झाल्या त्या आमच्या लाखनी तालुक्यातल्या एका शाळेतल्या नेमणुकीवरून. आरोपांचा निवाडा कोर्ट करील. पण पैसे देऊन लागलेली नोकरी गेली की वावर परत मिळत नाही, एवढे समजायला कोर्टाची गरज नाही.

पोरीच्या वाट्याला एकच वर्ष

पोराला आपण पाच वर्षे देतो आणि पोरीला एक. 'या वर्षी लागली तर लागली, नाहीतर पुढल्या उन्हाळ्यात उरकून टाकू.' ज्या परीक्षेची तारीखच दोन-दोन वर्षे लांबते, तिथे एका वर्षाची मुदत म्हणजे मुदतच नव्हे, नकार आहे. पोराला जी मुदत तीच पोरीला द्या. आणि एक विचित्र गोष्ट बघा. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या पोरी आणि त्यांचे बाप यांच्यावर आपण बैठकीत चिडतो. पण आपल्याच पोरीला स्थळ बघताना पहिला प्रश्न विचारतो, 'मुलगा कुठे लागला आहे?' त्या प्रश्नाच्या धास्तीने पोरे अभ्यासिकेत बसून राहतात. घरी परतलेल्या पदवीधराला 'नापास' समजणे आपण थांबवले तर अर्धी पोरे वेळेवर उठतील. मात्र शहरात बसून 'तरुणांनो, शेतीकडे वळा' असा उपदेश करणाऱ्यांच्या सुरात मी सूर मिळवणार नाही. आधी शेतात चार पैसे उरू द्या, मग पोरे बोलावल्याशिवाय येतील.

बैठकीत काय मागायचे

पेपर फोडणाऱ्यांविरुद्ध केंद्राने २०२४ मध्ये कायदा केला, राज्याच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी विधेयक मंजूर केले. चांगले झाले. पण जाहिरात काढून परीक्षाच न घेणाऱ्याला कोणता कायदा लागतो? कास्तकाराने कर्जाचा हप्ता चुकवला तर व्याज चढते. शासनाने पोराची साडेतीन वर्षे चुकवली तर काही चढत नाही. आपली मागणी असावी की जाहिरात निघाल्यापासून ठरलेल्या मुदतीत परीक्षा आणि निकाल झालाच पाहिजे, न झाल्यास शुल्क व्याजासह परत मिळाले पाहिजे आणि वयाची अट तितक्या महिन्यांनी आपोआप वाढली पाहिजे. एकदा शुल्क भरले की वर्षभराच्या सगळ्या परीक्षांना ते चालावे. २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार दिले, आधी सहा महिने, नंतर आणखी पाच. ते संपल्यावर काय, याचे उत्तर कोणी दिले नाही. जागा रिकाम्या असताना शिकाऊ म्हणून राबवायचे आणि मुदत संपली की घरी पाठवायचे, हे रोजंदारीचेच दुसरे नाव आहे.

येत्या जिल्हा बैठकीला पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा पदवी होऊन घरी बसलेल्या मुलामुलींना सोबत घेऊन या. त्यांना मागे बसवू नका, पहिल्या रांगेत बसवा आणि बोलू द्या. प्रत्येकाने एक कागद आणावा: कोणत्या परीक्षेचा अर्ज भरला, कोणत्या तारखेला, शुल्क किती, परीक्षा झाली की नाही. सगळे कागद एकत्र करून आपण जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत. २०१९ च्या जिल्हा परिषद भरतीची शुल्काची पावती कोणाकडे राहिली असेल तर तीही आणा. पैसे परत मिळाले की नाही, ते तिच्या मागे लिहा.